भय, भविष्य आणि हॉलंडमधील एक घर



ज्यांच्या पुण्यस्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालत आली आहे, त्यांच्या नावाला शोभेल असा विषय निवडावा, या विचाराने मी आज आपल्यापुढे एक जुनाच प्रश्न घेऊन उभा आहे. पुढे काय वाढून ठेवले आहे, हे ज्याला ठाऊक नाही आणि कधीही ठाऊक होणार नाही, अशा ख्रिस्ती माणसाने भविष्याकडे कोणत्या दृष्टीने पाहावे? हा प्रश्न आपल्या घराघरांत आहे. मुले शिकून शहरात किंवा परदेशात गेली, उपासनेच्या वेळी मागची बाके रिकामी राहू लागली, आपला समाज संख्येने लहान आहे आणि आणखी लहान होईल की काय, ही शंका सभासदांच्या बैठकींत उघडपणे आणि घरी रात्रीच्या जेवणानंतर दबक्या आवाजात बोलली जाते. या शंकेला मी दोष देत नाही. भय वाटणे हे पाप असते, तर गेथशेमानेच्या बागेतील ती रात्र शुभवर्तमानात लिहिलीच गेली नसती. प्रत्यक्ष प्रभू व्याकूळ झाला, हे लिहून ठेवण्याची लाज शुभवर्तमानकारांना वाटली नाही. तेव्हा भय आपल्या घरी येणारच. घराचा कारभार त्याच्या हाती द्यायचा की नाही, एवढाच काय तो निर्णय आपल्याकडे आहे.

हा विचार मांडण्यासाठी मी आपल्याला हॉलंडात, म्हणजे नेदरलँड्समध्ये नेणार आहे. त्या देशाचा सुमारे चौथा भाग समुद्राच्या पातळीखाली आहे. तेराव्या शतकापासून तेथे पाण्याची व्यवस्था पाहणारी निर्वाचित मंडळे आहेत, आणि राजे आले नि गेले तरी बांधांची डागडुजी, कालव्यांचा गाळ आणि त्यासाठीची पट्टी यांचा हिशेब चुकला नाही. याच लोकांपैकी पुष्कळांनी सोळाव्या शतकात कॅल्व्हिनच्या पंथाचा स्वीकार केला आणि १५६३ साली जर्मनीत तयार झालेली हायडेलबर्गची प्रश्नोत्तरावली आपली म्हणून मुलांकडून पिढ्यान्‌पिढ्या पाठ करून घेतली. पाऊस आणि अवर्षण, सुकाळ आणि दुष्काळ, आरोग्य आणि व्याधी ही सारी पित्याच्या हातून येतात, अशी शिकवण ज्या मुलांच्या ओठांवर होती, त्या मुलांची विसाव्या शतकात जी परीक्षा झाली, ती मला आज आपल्यापुढे ठेवायची आहे.

१० मे १९४० रोजी जर्मन सैन्य सरहद्द ओलांडून आले. १४ मे रोजी रॉटरडॅम जळाले, १५ मे रोजी शरणागती झाली. पुढे जे झाले ते बिनबोभाट झाले, आणि माझ्या दृष्टीने या इतिहासातला सर्वांत शिकण्यासारखा भाग तोच आहे. रणगाडे रस्त्यावरून फिरत होते खरे, परंतु त्या देशात भयाने आपला अंमल बसवला तो कचेऱ्यांमधून, दप्तरांमधून आणि सह्यांमधून. ऑक्टोबर १९४० मध्ये प्रत्येक सरकारी नोकराकडे एक कागद आला: आपण ज्यू वंशाचे आहोत की नाही, हे लिहून द्यावे. बोटांवर मोजण्याइतके अपवाद सोडले, तर सर्वांनी लिहून दिले. देशाच्या सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायमूर्तींनीही बहुमताने सह्या केल्या, आणि त्यानंतर त्यांचेच अध्यक्ष लोडेवाइक फिसर, ज्यू म्हणून, पदावरून दूर झाले. हे लोक दुष्ट होते काय? मुळीच नव्हते. त्यांच्यापैकी पुष्कळ जण रविवारी नियमाने चर्चमध्ये जात होते. आपण सही नाकारली तर आपल्या जागी अधिक वाईट माणूस येईल, आपल्या मुलाबाळांचे काय होईल, आणि हा तर नुसता एक कागद आहे, असा त्यांचा हिशेब होता. भय नेहमी असेच बोलते. ते कधी आरडाओरडा करीत नाही. ते शहाणपणाच्या भाषेत, दूरदृष्टीच्या भाषेत, कुटुंबवत्सलतेच्या भाषेत बोलते.

हॉलंडची लोकसंख्या-नोंदणी युरोपात नावाजलेली होती, आणि तीत प्रत्येकाच्या धर्माचीही नोंद असे. ज्या दप्तराचा नागरिकांना अभिमान होता, त्याच दप्तराने पाहिजे ते नाव, पाहिजे तो पत्ता हजर केला. सुमारे एक लाख चाळीस हजार ज्यूंपैकी एक लाख दोन हजार माणसे मारली गेली. पश्चिम युरोपातील दुसऱ्या कोणत्याही देशात हे प्रमाण इतके मोठे नव्हते. बंधुभगिनींनो, हे मी प्रथम सांगतो, कारण थोरांच्या कथा सांगताना ज्या समाजातून ते थोर निपजले त्या समाजाची कैफियत लपवणे मला अप्रामाणिकपणाचे वाटते.

याच अंधारात लायडन विद्यापीठातील कायद्याचे एक प्राध्यापक, क्लेवेरिंगा, २६ नोव्हेंबर १९४० रोजी आपल्या बडतर्फ झालेल्या ज्यू गुरूच्या, मायर्स यांच्या, तासाला व्यासपीठावर उभे राहिले. शिवीगाळ नाही, घोषणा नाही. आपल्या गुरूची विद्वत्ता किती थोर आहे आणि त्यांना कोणी कोणत्या न्यायाने दूर केले, एवढेच त्यांनी शांतपणे सांगितले. दुसऱ्या दिवशी त्यांना अटक झाली आणि विद्यापीठाला कुलूप लागले. या प्रसंगाचा उल्लेख मी एवढ्यासाठी करतो की, जी सही इतरांनी टाळता येत नाही म्हणून केली, ती टाळता येत होती.

आता मी आपल्याला हार्लेम शहरातील बार्टेलयोरिस रस्त्यावरच्या एका घड्याळाच्या दुकानात नेतो. दुकान १८३७ साली विलेम टेन बूम यांनी सुरू केले. १८४४ साली त्यांनी याच घरात आठवड्यातून एकदा ज्यू लोकांच्या कल्याणासाठी प्रार्थना करण्याचा प्रघात घातला, आणि तो प्रघात पुढच्या पिढ्यांनी मोडला नाही. १९४० साली दुकानाचे मालक होते त्यांचे चिरंजीव कॅस्पर, वयाने ऐंशीचे, पांढऱ्या दाढीचे, साऱ्या शहराचे परिचित. त्यांच्या दोन अविवाहित मुली घरातच राहत. थोरली बेट्सी घर पाही. धाकटी कॉरी बापाच्या शेजारी बसून घड्याळे दुरुस्त करी. हॉलंडमध्ये घड्याळजीचा परवाना मिळवणारी ती पहिली स्त्री होती. पन्नाशीला आलेली, कोणतीही क्रांती न केलेली, रविवारच्या शाळेत आणि मुलींच्या मंडळांत रमलेली ही बाई, १९४२ च्या मे महिन्यात एक ज्यू स्त्री हातात बॅग घेऊन दारात उभी राहिली तेव्हापासून, दोन वर्षांच्या आत लपवाछपवीच्या एका मोठ्या जाळ्याचे केंद्र बनली. रेशनकार्डांवाचून कोणाला जेवू घालता येत नसे. तिने रेशनच्या कचेरीतील एका ओळखीच्या माणसाकडून ती मिळवली. वरच्या मजल्यावरील तिच्या खोलीत एका वास्तुतज्ज्ञाने विटांची खोटी भिंत बांधून दिली आणि मागे जेमतेम अडीच फूट रुंदीची जागा सोडली. कपाटाच्या सर्वांत खालच्या फळीमागून सरपटत आत शिरायचे. धोक्याची घंटा वाजली की किती वेळात सारे आत जातात, याची तालीम ती घडोघडी घेई. श्रद्धेला अशी तालीम लागते, हे मला फार बोलके वाटते. देव राखील म्हणून तिने विटा लावण्याचे टाळले नाही, आणि विटा लावल्या म्हणून देवाचे नाव घ्यायचे सोडले नाही.

कॉरीच्या बालपणीचा एक प्रसंग तिने लिहून ठेवला आहे, आणि आजच्या आपल्या विषयाचा गाभा मला त्यात सापडतो. लहानपणी मरणाचा विचार मनात येऊन ती एका रात्री रडू लागली. बाबा मेले तर मी काय करू, हे सहन करायचे बळ माझ्यात नाही, असे म्हणू लागली. कॅस्पर तिच्या बिछान्याशी बसले आणि त्यांनी विचारले: आपण दोघे आगगाडीने ॲम्स्टरडॅमला जातो, तेव्हा तुझे तिकीट मी तुझ्या हाती केव्हा देतो? मुलगी म्हणाली, गाडीत चढण्याच्या अगोदर. तसेच आहे हे, बाप म्हणाला. जेव्हा बळाची गरज पडेल तेव्हा तुझा स्वर्गीय पिता ते तुझ्या हाती देईल. बंधुभगिनींनो, आपले बहुतेक भय तिकीट महिनाभर आधी मागण्याचे असते. येणाऱ्या दहा वर्षांचे बळ आज पाहिजे, आणि ते हाताशी दिसत नाही म्हणून आपण आजच खचतो. डोंगरावरील प्रवचनात प्रभूने उद्याच्या चिंतेविषयी जे शिकवले, ते घड्याळजी असलेल्या एका बापाला इतक्या साध्या रीतीने सांगता आले, यात नवल नाही. काळाशी त्याचा रोजचाच व्यवहार होता.

ते बळ लागण्याचा दिवस २८ फेब्रुवारी १९४४ हा उगवला. एका खबऱ्याने मदत मागण्याचे सोंग केले, छापा पडला. त्या दिवशी घरात प्रार्थनेसाठी जमलेले आणि नंतर दाराशी आलेले मिळून सुमारे तीस माणसे पकडली गेली. भिंतीमागची सहा माणसे मात्र शिपायांना सापडली नाहीत. अन्नपाण्यावाचून ती दोन दिवसांहून अधिक काळ तेथे उभी-बसली आणि शेवटी सुखरूप बाहेर पडली. ठाण्यावर अधिकाऱ्याला म्हाताऱ्याची दया आली. यापुढे गडबड करणार नाही, एवढी हमी दिली तर घरी जाऊ देतो, असे तो म्हणाला. कॅस्पर टेन बूम यांनी उत्तर दिले की, आज घरी गेलो तर उद्या सकाळी दार ठोठावणाऱ्या कोणाही गरजवंताला पुन्हा दार उघडीन. चौऱ्याऐंशी वर्षांच्या माणसाचे हे बोलणे आहे! दहा दिवसांनी, ९ मार्च रोजी, कैदेतच त्यांचे देहावसान झाले. विलेम टेन बूम यांनी प्रार्थनेचा प्रघात घातल्याला तेव्हा बरोबर शंभर वर्षे झाली होती. शंभर वर्षे दर आठवड्याला जी प्रार्थना चालली, तिचे फळ कोणते, असा प्रश्न एखादा विचारील. मी त्याला भिंतीमागच्या सहा जिवांकडे बोट दाखवीन.

दोन्ही बहिणी स्खेवेनिंगनच्या तुरुंगातून फुख्तच्या छावणीत आणि तेथून सप्टेंबरात जर्मनीतील राव्हेन्सब्रुकच्या छावणीत गेल्या. तेथे बेट्सी खंगत गेली. आणि आता जे सांगतो ते मी पहिल्यांदा वाचले तेव्हा पुस्तक मिटून बसलो होतो. मरणाच्या दारात असलेली ती एकोणसाठ वर्षांची बाई बहिणीला युद्धानंतरच्या बेतांविषयी सांगत असे: आपण एक मोठे घर घेऊ, तेथे छावण्यांतून परतलेली दुखावलेली माणसे राहतील, बाग असेल, त्यांना फुलझाडे लावता येतील. एवढेच नाही, जर्मनीतही असेच एक घर पाहिजे, ज्यांनी आज आपल्याला मारले त्यांनाही प्रेम करायला शिकावे लागेल, असे ती म्हणे. १६ डिसेंबर १९४४ रोजी ती गेली. त्या वर्षअखेरीस कॉरीची सुटका झाली, आणि ती एका कारकुनी चुकीमुळे झाली असे तिला पुढे कळले. ज्या यंत्राने लाखभर माणसे अचूक पोहोचवली, त्याच यंत्राची एक नोंद चुकली. पुढे १९४५ मध्ये ब्लूमेंडाल येथे असे घर उघडले, आणि काही वर्षांनी जर्मनीत डार्मस्टाट येथे एका जुन्या छावणीतही निर्वासितांसाठी काम उभे राहिले. आता मला सांगा, भविष्य कोणाला दिसत होते? ज्यांच्या हाती दप्तरे, रेल्वे आणि सैन्य होते, त्यांना पुढच्या वसंतातला आपला शेवट दिसला नाही. ज्या बाईला उद्याची सकाळ मिळणार नव्हती, तिने फुलझाडांची तजवीज केली.

येथे एक आक्षेप येईल, आणि तो मीच आणतो. विश्वासाने वागले की परिणाम चांगला होतो, असे मी सुचवीत आहे काय? तसे असते तर काम सोपे होते. जुलै १९४२ मध्ये हॉलंडमधील चर्चांनी एकत्र येऊन ज्यूंच्या हद्दपारीविरुद्ध जर्मन अधिकाऱ्यांकडे तार केली. अधिकाऱ्यांनी सौदा मांडला: निषेध व्यासपीठावरून वाचू नका, तर बाप्तिस्मा घेतलेल्या ज्यूंना आम्ही हात लावणार नाही. सर्वांत मोठ्या प्रोटेस्टंट चर्चच्या वरिष्ठ मंडळाने मजकूर न वाचण्याचे ठरवले. कॅथलिक बिशपांनी, उट्रेख्टचे आर्चबिशप दे योंग यांच्या नेतृत्वाखाली, २६ जुलैच्या रविवारी तो सर्व चर्चांतून वाचला. आठ दिवसांत, २ ऑगस्टला, कॅथलिक झालेल्या ज्यूंची धरपकड झाली. एख्ट येथील मठातून विदुषी एडिथ श्टाइन आणि त्यांची बहीण रोझा यांना नेले गेले, आणि ऑशविट्झमध्ये त्यांचा अंत झाला. कोणी बरोबर केले? न वाचणाऱ्यांनी काही जीव तात्पुरते वाचवले. वाचणाऱ्यांनी सत्य सांगितले आणि त्याची किंमत दुसऱ्यांनी मोजली. मी या प्रश्नाचे हिशेबी उत्तर देऊ शकत नाही, आणि जो चटकन देतो त्याच्यावर माझा विश्वास बसत नाही. मला इतके मात्र दिसते की, सौद्याची भाषा सुरू झाली त्या क्षणी ख्रिस्ती ज्यू आणि इतर ज्यू असे दोन भाग पडले, आणि शेजारी म्हणजे कोण, या प्रश्नाचे प्रभूने दिलेले उत्तर मागे पडले. त्या उत्तरातला शोमरोनी मनुष्य जखमीचा धर्म विचारीत थांबला नव्हता.

दुसऱ्या बाजूने येणारी एक चूक, देवावर भार टाकून स्वतः हात न हलवण्याची, मी थोडक्यात सांगतो. ३१ जानेवारी १९५३ च्या रात्री वायव्येचा झंझावात आणि उधाणाची भरती एकत्र आली. झीलंड आणि दक्षिण हॉलंडचे बांध फुटले. १,८३६ माणसे बुडाली. बांध पुरेसे उंच नाहीत, असे योहान फान फेन नावाचे अभियंते तीसच्या दशकापासून सांगत होते. बुडालेला मुलूख बहुतांशी कर्मठ श्रद्धावंतांचा होता, आणि त्यांच्यातील काहींनी हा देवाचा न्याय म्हणून मान खाली घातली. त्यांच्या नम्रतेचा मला आदर आहे. परंतु त्याच वर्तुळांत लस टोचून घेणे म्हणजे देवावरचा अविश्वास, असे मानणारी घराणी आहेत. १९७१ साली स्टापहोर्स्ट गावात आणि पुन्हा १९९२-९३ मध्ये त्यांच्या मुलांना पोलिओ झाला. अशा मुलाच्या पांगळ्या पायाला मी श्रद्धेचे फळ म्हणू शकत नाही. पूर ओसरतो न ओसरतो तोच, तीन आठवड्यांच्या आत, सरकारने डेल्टा आयोग नेमला, फान फेन त्याचे सचिव झाले, आणि त्यातून उभ्या राहिलेल्या बांधांपैकी पूर्व स्खेल्डवरचा नऊ किलोमीटरांचा अडसर १९८६ मध्ये पुरा झाला. त्याचे दरवाजे नेहमी उघडे असतात, भरतीओहोटी आतबाहेर खेळते, शिंपले आणि मासे जगतात. वादळाची सूचना आली तरच ते खाली उतरतात. प्रथम खाडी कायमची बुजवण्याचा बेत होता. लोकांनी विरोध केला म्हणून तो बदलला. भयाने बांधले असते, तर पहिलाच बेत तडीस गेला असता.

आपल्या मातीतले उदाहरण मी अखेरीला ठेवणार होतो, पण त्याची जागा येथेच आहे. १८७४ च्या सुमाराच्या दुष्काळात पंडिता रमाबाईंनी आईबाप अन्नावाचून गमावले. दुष्काळाचे भय ज्याला म्हणतात ते त्यांच्या हाडांत होते. १८९६-९७ मध्ये मध्य प्रांतात पुन्हा दुष्काळ पडला, तेव्हा या बाईने स्वतःच्या संस्थेची शिल्लक मोजीत पुण्यात बसून राहावे, याला कोणी नावे ठेवली नसती. त्या उठून गेल्या, शेकडो मुली घेऊन आल्या. प्लेगच्या निर्बंधांमुळे पुण्यात त्यांना ठेवता येईना, म्हणून केडगावच्या माळावर झोपड्या घातल्या, विहिरी खणल्या, आणि तेथे मुक्ती सदन उभे राहिले. १९२१ मध्ये त्यांची एकुलती कन्या मनोरमा, जिच्या हाती हा सारा कारभार सोपवायचा, तीच निवर्तली. रमाबाई हिब्रू आणि ग्रीकवरून चाललेल्या बायबलच्या मराठी भाषांतराच्या कामाला बसल्या आणि ५ एप्रिल १९२२ रोजी प्राण सोडण्यापूर्वी ते त्यांनी पुरे केले. वारस गेल्यावर काम पुरे करणे! माझ्या अल्प वाचनात बेट्सी टेन बूमच्या फुलझाडांशेजारी ठेवावे असे हेच एक उदाहरण मला सापडते.

आता आजच्या हॉलंडकडे वळतो, कारण आपल्याला आपल्या रिकाम्या बाकांची चिंता आहे. तेथील सरकारी पाहणीत २०१७ साली प्रथमच निम्म्याहून अधिक लोकांनी आपला कोणताही धर्म नाही असे सांगितले. चर्चच्या इमारती विकल्या जातात. कोठे ग्रंथविक्रीचे दुकान झाले आहे, कोठे घरे झाली आहेत. असे चर्च काय करील? स्वतःच्या भवितव्याविषयी परिषदा भरवील. त्याही भरल्या असतील. परंतु हेग शहरातील बेथेल नावाच्या एका लहानशा प्रोटेस्टंट चर्चने वेगळीच गोष्ट केली. नऊ वर्षे त्या देशात राहिलेले, आश्रयाचा अर्ज शेवटी फेटाळला गेलेले एक आर्मेनियन कुटुंब त्यांच्या दाराशी आले. डच कायद्याप्रमाणे उपासना चालू असताना पोलिस प्रार्थनामंदिरात शिरू शकत नाहीत. तेव्हा २६ ऑक्टोबर २०१८ च्या दुपारी उपासना सुरू झाली, आणि ती थांबवली गेली नाही. रात्री, पहाटे, नाताळात, नववर्षदिनी. एका पाळकाने दुसऱ्याच्या हाती क्रम द्यायचा. देशभरातून शेकडो पाळक आले, परदेशांतूनही आले. एरवी एकमेकांच्या वेदीशी उभे न राहणारे पंथ एकाच उपासनेत पाळीपाळीने उभे राहिले. पहाटे तीन वाजता समोर दोन-चार माणसे असतील, तरी स्तोत्र म्हटले गेले, पवित्र शास्त्र वाचले गेले, आशीर्वाद दिला गेला. शहाण्णव दिवस! जानेवारीच्या अखेरीस सत्ताधारी पक्षांनी आश्रय नाकारल्या गेलेल्या कुटुंबांतील मुलांच्या शेकडो प्रकरणांचा फेरविचार करण्याचे मान्य केले, आणि ३० जानेवारी २०१९ रोजी उपासनेची सांगता झाली. मंडळी किती लहान आहे, दहा वर्षांनी इमारत राहील की नाही, हा हिशेब त्या शहाण्णव दिवसांत कोणी केला असेल असे मला वाटत नाही. करायला सवड नव्हती. पुढच्या तासाला कोण उभे राहणार, हे ठरवायचे होते.

आजच्या विषयाचा एक भाग मी बुद्ध्याच बाजूला ठेवला आहे. ज्या एक लाख दोन हजार माणसांना कोणतेही दार उघडले नाही, त्यांच्यापुढे आपण पित्याच्या हाताची भाषा कोणत्या तोंडाने बोलायची? हा प्रश्न ओझरता घेण्यासारखा नाही, आणि आजची वेळ संपली आहे. अध्यक्षमहाराजांच्या अनुज्ञेने उद्याचे दुसरे पुष्प मी केवळ त्याच प्रश्नाला वाहीन.